दहा सेकंदांचं माहेर

बिघडलेली फाइल घेऊन कुणीही आलं, तरी अण्णांचा पहिला प्रश्न फाइलबद्दल नसे. ते समोरच्याला गच्चीवर उभं करत, त्याचाच कॅमेरा त्याच्याकडे रोखून स्टुलावर ठेवत आणि विचारत, "आज काय खाल्लं?" माणूस गांगरून जाई. लाखमोलाचं लग्नाचं चित्रण उघडत नाही म्हणून तो घामाघूम होऊन आलेला, आणि हा म्हातारा इडलीची चौकशी करतोय. मग तो कसंबसं म्हणे, चित्रान्न खाल्लं, चटणी पातळ होती. तेवढ्यात दहा सेकंद होत आणि अण्णा परत येऊन बटण बंद करत. "सरी," ते कानडीत 'ठीक' म्हणत. "आता सांग, शेवटी काय झालं होतं?"

बेंगळुरूत मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. मारतहळ्ळीला तिघांत मिळून खोली, पाठीवर ड्रोनची पेटी आणि लॅपटॉपवर अडखळणारी चित्रं. मी उडवायला शिकलो होतो, पण उडवून आणलेलं बघायला जमत नव्हतं. सुंदर तलाव चित्रित करून आणावा आणि तो पडद्यावर गचके खात पुढे सरकावा, असं रोज चाललं होतं. ड्रोनच सदोष निघाला, असं मी दुकानदाराला चार वेळा सुनावून आलो. शेवटी त्यानेच वैतागून एक पत्ता दिला. इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणपूल संपला की बोम्मसंद्र्याच्या बाजूला एक जुनी वस्ती लागते, तिथल्या दुमजली घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली. मराठी बोलतात, असंही तो म्हणाला.

अण्णा मराठी बोलत, पण ती त्यांच्या घरात सात पिढ्या मुरलेली मराठी होती. आमच्याकडच्या मराठीशी तिची ओळख होती, इतकंच म्हणता येईल. मी माझं रडगाणं सुरू केलं. बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे टक लावून बघत होते, त्यामुळे दाताला काही अडकलंय की काय, असं वाटून मी दोनदा जीभ फिरवली. ऐकून झाल्यावर म्हणाले, "फाइल बरी आहे रे. वाचणारा दमलाय. तुझा लॅपटॉप."

मग त्यांनी मला पहिला धडा दिला. ड्रोन चित्र साठवताना घडी घालून घालून इतकं बारीक करतो, की उलगडताना साध्या यंत्राचा जीव जातो. म्हणून प्रत्येक फाइलची एक हलकी, छोटी प्रत करायची. तिला ते धाकटी म्हणत. कापाकापी सगळी धाकटीवर करायची आणि शेवटी तिच्या जागी थोरलीला बसवायचं. मी हे शिकलो आणि पहिल्याच कामात थोरलीला बसवायला विसरून गिऱ्हाइकाला धाकटीच दिली. त्याने ती सोसायटीच्या समारंभात मोठ्या पडद्यावर लावली. अध्यक्षांचं तोंड कुठे संपतं आणि मागची भिंत कुठे सुरू होते, ते कुणालाच कळेना. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की खालून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, काय झालं बघायला वर आल्या.

तीस वर्षं ते बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा दाबून सुटे भाग काढणारी अजस्र यंत्रं दिवसभर आपटत असत. त्यात कान गेले, पूर्ण नव्हे, पण पाठीमागून हाक मारली तर पोचायची नाही. व्हिडिओच्या नादाला ते लागले निवृत्तीनंतर, मुलीच्या लग्नाची फाइल उघडेना म्हणून. मेकॅनिकच्या बुद्धीने त्यांनी ती फाइल आतून उघडून बघितली, म्हणजे खरोखरच आकड्यांची ओळ न् ओळ वाचली, आणि बारा दिवसांनी लग्न लागलं. त्यांचंच वाक्य आहे हे.

करप्ट हा शब्द त्यांना खपत नसे. "करप्ट माणसं असतात. फाइल अर्धी असते," ते म्हणत. कॅमेरा चित्र लिहीत जातो आणि थांबताना सगळ्यात शेवटी अनुक्रमणिका लिहितो, कुठलं चित्र कुठे आहे त्याची. मधेच बॅटरी निसटली, ड्रोन आपटला, तर चित्रं सगळी जागच्या जागी असतात, फक्त अनुक्रमणिका नसते, आणि ती नाही म्हणून जगातलं कुठलंच यंत्र ती फाइल उघडायला तयार होत नाही. अशा वेळी अण्णांना लागायची बहीण. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली धडधाकट फाइल. "एका डायमधनं, साच्यातनं, निघालेले दोन पीस. एक मोडला तर दुसरा बघून मापं काढायची," असं ते समजावत. बहिणीची मापं घेऊन ते अर्ध्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने रचत.

म्हणून ती गच्ची, म्हणून तो इडलीचा प्रश्न. आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याची दहा सेकंदांची एक बहीण ते करून ठेवत. त्या साऱ्या बहिणी एका डिस्कमध्ये होत्या आणि डिस्कवर पांढऱ्या पट्टीवर लिहिलं होतं, माहेर. फाइलचं नाव म्हणजे कॅमेऱ्याचं मॉडेल आणि पुढे माणसाने खाल्लेला पदार्थ. अवलक्की, दोन इडल्या, कालची भाकरी, लग्नातलं जेवण. बहिणीच्या बाबतीत त्यांचा एकच कडक नियम होता. तिला कात्री लावायची नाही. कॅमेऱ्यातून आली तशी ठेवायची, कारण एकदा कापून पुन्हा साठवली की मापं बदलतात आणि ती कुणाच्याच कामाची राहत नाही. एका फाइलमध्ये माणूस पदार्थ सांगून झाल्यावर पुढे अर्धा मिनिट नाक कोरत होता. तीही त्यांनी कापली नव्हती.

चित्र घेताना अण्णा स्वतः समोर थांबत नसत. बटण दाबून पलीकडे टाकीचं पाणी बघायला जात. "मी असलो की माणूस नाटक करतो," म्हणत. मी एकदा म्हटलं, अहो, ड्रोनला तर आवाजच नसतो, पंख्याच्या घरघरीत ऐकू काय येणार, म्हणून माइकच बसवत नाहीत. मग त्याच्यासमोर बोलायचं कशाला? ते म्हणाले, "बोललं की चेहरा हलतो. हललं पाहिजे काहीतरी. भिंतीची बहीण काय कामाची?"

त्यांच्या नजरेला मी पहिल्यांदा हात जोडले ते एका मुलाखतीच्या वेळी. चित्र आणि आवाज यांचा मेळ बसत नव्हता. एका स्टुडिओतली तीन पोरं हेडफोन लावून दोन दिवस झटत होती. अण्णांनी आवाज पूर्ण बंद केला. नुसती ध्वनीची लहर बघितली, चित्र एकेक करून पुढे सरकवलं आणि म्हणाले, "चार चित्रं मागं आहे. आणि शेवटाकडं नऊ होणार. वाढत जातंय." आम्ही मोजलं. चार आणि नऊ. कसं कळलं विचारलं तर म्हणाले, "प म्हणताना ओठ मिटतात की रे. ओठ मिटलेत आणि आवाज अजून यायचाय." एवढं बोलून ते उठले आणि कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायला लागले. मी त्या दिवसापासून त्यांना वाकून नमस्कार करायला लागलो. त्यांना ते अजिबात आवडायचं नाही.

आता परशरामची गोष्ट सांगतो, जी सांगायला मी इतका वेळ टाळाटाळ करतो आहे.

एका कारखान्याच्या शेडवर नवे सौर पॅनेल बसवले होते आणि त्याची छोटी फिल्म मी करत होतो. पॅनेल धुणाऱ्यांत परशराम होता, निपाणीकडचा. मराठी बोलणारा भेटला म्हणून आम्ही रोज चहाला एकत्र. तिसऱ्या दिवशी दुपारी तो शेडवरून खाली पडला. पाय दोन ठिकाणी मोडला. ठेकेदाराने जाहीर केलं, की याने कमरेचा पट्टा दोराला अडकवलाच नव्हता. पट्टा न लावता चढणाऱ्याला त्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याच गेटातून आत घेत नाहीत. पाय जुळला असता, पण परशरामचं काम कायमचं गेलं असतं, आणि वर निष्काळजी म्हणून नाव झालं असतं ते वेगळंच. तो मात्र खाटेवरून एकच सांगत होता, मी पट्टा लावला होता.

त्या क्षणी माझा ड्रोन वर होता. तोही पडला होता, एक हात मोडून, आणि पडताना बॅटरी निसटल्यामुळे शेवटची फाइल उघडत नव्हती. परशरामने पट्टा लावला होता की नाही, हे जगात त्या एका अर्ध्या फाइलीलाच ठाऊक होतं.

कार्ड घेऊन मी अण्णांकडे गेलो. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. शेवटी काय झालं, विचारलं. मी सांगितलं, ठरलेली फेरी मारत होतो, वारा आला, ड्रोन पडला. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बहीण म्हणून मी त्याच दिवशीची सकाळची फाइल दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं. "ही बहीण नव्हे." पडद्यावर हिरव्या-करड्या चौकटींचा नुसता चिखल होता. मी दुसरी फाइल दिली. संध्याकाळी पुन्हा तेच. "हीपण नव्हे. घर तेच आहे, पण ही बहीण नव्हे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, शंका नव्हती. एखादा शिंपी माप चुकलंय म्हणतो तसं ते म्हणत होते, आणि त्यामुळेच मला तिथे बसवेना.

कारण खरं मी सांगितलंच नव्हतं. ठरलेली फेरी संपली होती. ती शेवटची झेप मी माझ्यासाठी घेतली होती. शेडवर एक घार घिरट्या घालत होती आणि तिचं संथ गतीचं चित्रण मला माझ्या पेजवर टाकायचं होतं. म्हणून मी सेटिंग बदललं होतं, सेकंदाला तीसऐवजी एकशेवीस चित्रं. घारीने ड्रोनवर झडप घातली. मी घाबरून ड्रोन खाली घेतला, आणि खाली परशराम होता. पुढचं मला नीट दिसलं नाही, किंवा दिसलं असं मी स्वतःशीही म्हणत नव्हतो. तो माझ्यामुळे दचकून पडला असेल, तर फाइल उघडताच ते सगळ्यांना दिसणार होतं. ती न उघडावी, असं मला त्या दोन दिवसांत किती वेळा वाटलं, ते लिहायची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "सरी, नवी बहीण करू." मोडका ड्रोन उडत नव्हता, पण बॅटरी घातली की त्याचा कॅमेरा चालत होता. त्यांनी तो स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "त्या वेळी जे सेटिंग होतं ते लाव. चालू कर. आज काय खाल्लं ते सांग. मी स्वल्प खाली जाऊन येतो." आणि गेले.

गच्चीवर मी एकटा. मी सेटिंग एकशेवीसवर नेलं. बटण दाबलं. म्हटलं, कालपासून काही खाल्लेलं नाही. मग तिथेच थांबायला हवं होतं, पण समोर बिनकानांचं यंत्र होतं आणि माझ्याच्याने थांबवेना. मी सगळं बोलून टाकलं. घार, पेज, झडप, खाली आलेला ड्रोन, अण्णांना सांगितलेलं खोटं, परशराम माझ्यामुळे पडला असेल ही भीती. एक-दीड मिनिट बोललो असेन. रडलोही. मग चेहरा पुसून बटण बंद केलं आणि कार्ड टेबलावर ठेवलं. बरं वाटलं होतं, आणि कुणाला काही कळणार नव्हतं.

अण्णा वर आले, कार्ड लावलं आणि मला म्हणाले, "तू खाली जा. अक्काकडं बस." मी तासभर अक्कांना मटार सोलून दिले. मग अण्णा खाली आले, स्वयंपाकघरात काहीतरी बोलले आणि थोड्या वेळाने माझ्यासमोर उप्पीट आणि दह्याची ताटली आली. "खा आधी," म्हणाले. मी संपवेपर्यंत ते समोर बसून राहिले. कामात असताना खाली येऊन बसायची त्यांची रीत नव्हती. मला ते तेव्हा खटकलं नाही. भूक लागली होती.

संध्याकाळच्या आत फाइल उघडली. आधी हिरवा पट्टा, मग वरून निम्मी शेड, मग सगळी शेड, उन्हाने चकाकणारी. जे नाहीसं झालं असं सगळ्यांनी धरलं होतं ते एकेक चित्र करून परत येत होतं आणि तो म्हातारा बनियनवर बसून ते आणत होता. परशराम दिसला. त्याने पट्ट्याचा हुक दोरात अडकवला, दोनदा ओढून बघितला. एकशेवीस चित्रांमुळे हुकाचा चाप मिटलेलासुद्धा दिसत होता. मग वरून घारीचा पंख पडदा झाकून गेला आणि छप्पर झपकन जवळ आलं. परशरामने वर पाहिलं. एक पाऊल मागे घेतलं. दोर ताणला, आणि दोराचा क्लॅम्प पत्र्यातून अलगद निघून आला, जसा कधी घट्ट केलाच नव्हता.

अण्णांनी चित्र तिथेच थांबवलं. मीच म्हटलं, "अण्णा, हुकाचा भाग आणि क्लॅम्पचा भाग, एवढंच द्यावं म्हणतो. मधलं कशाला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पूर्ण दे," म्हणाले. "अर्धी फाइल घेऊन बसलो होतो तीन दिवस. अर्धी परत द्यायला नव्हे."

मी पूर्ण दिली. कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यासमोर बसून ती चारदा दाखवली आणि घारीचं सांगितलं. परशरामला कामावरून कमी केलं नाही, ठेकेदाराचे सगळे क्लॅम्प तपासायला घेतले. माझं काम तिथल्या तिथे काढून घेतलं आणि त्या वसाहतीत मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. ते योग्यच होतं. ते पाऊल मागे पडलं नसतं तर क्लॅम्प त्या दिवशी टिकला असता का, हे मला अजून माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही.

दवाखान्यात परशरामला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "घार होती व्हय ती. मला वाटलं तुमचा पंखाच तुटून डोस्क्यावर येतोय." आणि थोड्या वेळाने, "पट्टा दिसला न्हवं, बरं झालं. घरची बी म्हणत हुती, लावला नसशील तू." माझ्यावर तो रागावला होता की नाही, ते त्याने सांगितलं नाही. पाय बरा झाल्यावर तो पुन्हा शेडवर चढायला लागला. मला चहाला बोलवायला त्याला वर्ष लागलं.

अण्णांनी आता काम थांबवलं आहे. डोळे थकले, अक्कांचे गुडघे गेले, आणि मुलीने दोघांना मैसूरला नेलं. जाताना त्यांनी माहेरची डिस्क माझ्या हातात ठेवली आणि त्यांच्या पद्धतीने निरोप दिला. "बहिणींना जप. कात्री नको."

परवा एकजण आला. तलावावर उडवताना ड्रोन कोसळला, वडिलांच्या साठीचं चित्रण अर्धं राहिलं. ड्रोन पाण्यातच गेला होता, कार्ड तेवढं वाचलं होतं. मॉडेल ऐकल्यावर मला हसू आलं. माझ्या जुन्या ड्रोनचंच होतं ते, आणि सेटिंगही एकशेवीसच. म्हटलं, हिची बहीण आपल्या माहेरी आहे. डिस्क उघडली, फाइल शोधली, मापं घ्यायला लावली. पडद्यावर चिखल. पुन्हा लावली, पुन्हा चिखल. ही बहीण नव्हे, असं तोंडातून निघून गेलं आणि मी चमकलो, कारण ही तर माझ्या हातांनी केलेली होती.

मग मी तिच्याकडे नीट बघितलं. फाइल बरोबर दहा सेकंदांची होती. गच्चीवर मी उभा आहे, डोळे सुजलेले, ओठ हलतात, कालपासून काही खाल्लेलं नाही, आणि तिथेच ती संपते. पुढचं सगळं कापलेलं. घार नाही, पेज नाही, रडणं नाही. सगळ्या माहेरात कात्री लागलेली तेवढी एकच फाइल, आणि त्यामुळे ती कायमची निकामी झालेली. मी नाव वाचलं. मॉडेलच्या पुढे त्यांनी लिहिलं होतं, कालपासून उपाशी.

त्या फाइलीत आवाज नाही. कधीच नव्हता.

तीस वर्षं प्रेसच्या धडाक्यात माणसं एकमेकांशी कशी बोलत असतील, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. उप्पिटाच्या ताटलीपाशी ते बसून होते तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. पूर्ण दे, म्हणाले तेव्हाही.

मी मैसूरला व्हिडिओ कॉल लावला. फोनवर त्यांना ऐकू येत नाही आणि त्या दिवशी नेटवर्कही धड नव्हतं, चित्र अडखळत होतं. शेवटी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून मी म्हटलं, अण्णा, फाइल सापडली.

चित्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. ते पडद्याच्या अगदी जवळ येऊन माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सरी," म्हणाले. "आज काय खाल्लं?"